हवेला इस्त्री

२ फेब्रुवारी, सोमवार

जावईबापू आले. दोन बॅगा, एक उशी आणि आमची लेक — या क्रमाने. जावईबापू वैमानिक; अपघाताची चौकशी संपेपर्यंत त्यांचं उड्डाण बंद, आणि कंपनीने राहायची जागाही काढून घेतली म्हणून मुक्काम आमच्याकडे. ही दारात अशी उभी, जणू जावई युद्धावरून परत आलाय! युद्ध कसलं? दहा आसनांचं छोटं विमान. डोंगर ओलांडून धावपट्टीकडे वळवताना असं काही आपटवलं की एका प्रवाशाचं मनगट मोडलं. जावईबापूंचं म्हणणं — "बाबा, मी काही केलं नाही. हवेनेच उचललं आणि सोडून दिलं."

हवेने! एकोणीस जानेवारीची सकाळ. आकाशात ढगाचा ठिपका नाही. मला कोण सांगणार? नऊचा फुगा मीच सोडला होता, विमान साडेनऊचं. सव्वीस वर्षं हवामान केंद्रात फुगे सोडतोय. त्या दिवशीची पक्की नोंद माझ्या अक्षरात आहे — "हवा शांत." खाली सही.

जेवताना मी एवढंच म्हणालो, "हवेत खड्डे नसतात हो. खड्डे रस्त्यावर असतात." लेक ताटावरून उठून गेली. आता यात मी काय वावगं बोललो?

३ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात भिंतीवर कागद लागलाय. जावईबापूंच्या हातचा. "घराबाहेर पडण्यापूर्वी: गॅस — बंद. नळ — बंद. खिडक्या — बंद. बाबांचा चष्मा — बाबांकडे." हिला भलतंच कौतुक. विमान नाही तर घर उडवतायत.

६ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावून घेतलं. एकतीस मार्चला माझी निवृत्ती, त्याच दिवशी समारंभ. फलकावरचा मजकूर ठरलासुद्धा — "स्वच्छ नोंदींची सव्वीस वर्षं". मी म्हणालो, "कशाला साहेब, उगाच," आणि मनात म्हणालो, अक्षरं जरा मोठी घ्या.

खरं सांगायचं तर मान माझा नाही, थोरल्या साहेबांचा. तेव्हा केंद्र त्यांच्याकडे होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवलं. फुग्याला डबी लटकवलेली असते, ती वर जाता जाता आकडे पाठवते, खाली यंत्र लांबच लांब कागदावर छापतं. तो कच्चा कागद. त्यावरून आपण वहीत रेषा काढायची, ती पक्की नोंद. थोरले साहेब म्हणाले, "फुगा मिनिटाला तीनशे मीटर चढतो. कागद कधी पाचशे म्हणेल, कधी शंभर. तो यंत्राचा चाळा. मनावर घ्यायचं नाही. मधून एक सरळ रेषा काढायची. वाकडी रेषा दिसली की समजावं, निरीक्षक डुलक्या घेत होता."

त्या दिवसापासून माझ्या एका रेषेला बाक नाही. इतर केंद्रांवरून लोक वही बघायला यायचे! पट्टी मी स्वतःची वापरतो. कोणाला हात लावू देत नाही.

१० फेब्रुवारी

चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र. एकोणीस जानेवारीच्या नोंदीची प्रत हवी. दुपारपर्यंत पाठवलीसुद्धा, शिक्का मारून.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "स्वतःच्या जावयाविरुद्ध?"

"विरुद्ध काय त्यात? नोंद आहे ती!"

"त्याचा परवाना कायमचा जाईल, कळतंय का तुम्हाला? तेवढं एकच येतं त्याला."

मी म्हटलं, हवेला नातीगोती नसतात. वाक्य चांगलं जमलं होतं. पण हिने भांडी इतकी जोरात आपटायला घेतली की पुढचं मलाच ऐकू आलं नाही.

१२ फेब्रुवारी

लेक माझ्याशी बोलत नाही. जावईबापू बोलतात. ते जास्त जड जातं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

केंद्रात संशोधन संस्थेच्या एक बाई आल्या. तिशीच्या असतील. पाठीवर पिशवी, केसांत पेन्सिल, आणि ती शोधत केंद्रभर फिरल्या. आपल्या डोंगरामागच्या हवेतल्या लाटांवर काम करतात म्हणे. लाटा! समुद्र इथून दोन दिवसांवर आहे. मी मनातल्या मनात नाव ठेवलं — लाटाबाई.

सव्वीस वर्षांच्या वह्या मागितल्या. मी आनंदाने कपाट उघडलं, एकेक वही पुसून पुढे ठेवली. दोन तास पानं उलटली त्यांनी. चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाल्या, "काका, तुमच्याइतकी सुस्वभावी हवा मी जगात कुठे बघितली नाही."

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. जावईबापू म्हणाले, "अभिनंदन, बाबा." माणूस खोचक बोलत नाही, हीच पंचाईत आहे.

१७ फेब्रुवारी

आज लाटाबाईंनी मला समोर बसवलं. टेबलावर कागद. डोंगर काढला, बाण काढला — वारा.

"वारा डोंगरावर आडवा आदळतो, काका. हवा वर ढकलली जाते. वर गेली की आजूबाजूच्या हवेपेक्षा ती जड ठरते. मग काय होईल?"

"खाली येईल."

"येते. पण जागेवर थांबत नाही, वेगात आणखी खाली जाते. तिथे हलकी ठरते, पुन्हा वर. खाली-वर, खाली-वर करत पुढे जाते. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं, म्हणून या गुरुत्वलाटा. डोंगराच्या मागे कोस-कोस असतात. ढग लागतोच असं नाही. निरभ्र आकाशातही असतात, दिसत नाहीत एवढंच."

मी म्हटलं, दिसत नाहीत तर आहेत कशावरून? (मुद्दा बिनतोड होता.)

"फुग्यावरून! हवा वर जात असेल तिथे फुगा पटापट चढतो, खाली येत असेल तिथे रेंगाळतो. म्हणून तर तुमच्याकडे आले. मिनिटाला पाचशे, मग शंभर, मग परत पाचशे, असं काहीतरी दिसायला हवं होतं. केंद्र अगदी मोक्याच्या जागी आहे आणि सव्वीस वर्षांत एक लाट नाही! असं कधीच काही दिसलं नाही का हो, काका?"

चहा भलत्याच नळीत गेला. खोकता खोकता म्हणालो, "छे."

१८ फेब्रुवारी

यंत्राचा चाळा. यंत्राचा चाळा. यंत्राचा चाळा!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कच्चे कागद तीन महिने जिन्याखालच्या पोत्यात ठेवायचे, मग भंगारात. नियम आहे. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा पोत्यात शिरलो. शब्दशः. कमरेपर्यंत आत. सफाईवाल्या मावशी तेवढ्यात आल्या, "काय हरवलं का, दादा?" म्हटलं, "पट्टी." माझी पट्टी खिशातून डोकावत होती. मावशी सज्जन, झाडू घेऊन पुढे गेल्या.

सापडला. एकोणीस जानेवारी. जमिनीवर उलगडला, तो दारापर्यंत गेला. गुडघ्यांवर रांगत वाचला. तीनशे. चारशे. दोनशे. चार मिनिटांनी परत चारशे. मग पाचशे, मग शंभर! घड्याळ लावल्यासारखं. आणि तीन किलोमीटरवर — जावईबापूंचं विमान होतं त्याच उंचीवर — आकडे पार सैरभैर. एका मिनिटात सहाशे, पुढच्या मिनिटात फुगा चढतच नाही. त्याच्या वर सगळं शांत.

या सगळ्याच्या शेजारी लाल पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात — "यंत्राचा चाळा." अक्षर माझं.

म्हणजे त्यांनी विमान आपटवलं नाही. मी हवा सपाट केली.

२१ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. हे कोणाकोणाला ठाऊक आहे? मला आणि पोत्याला. वीस एप्रिलला पोतं जाईल. सुनावणी त्याच्या कितीतरी आधी, याच महिन्याच्या सत्तावीसला. नोंद पाठवून झालेली आहे, आता ती माझ्या हातात आहे का? नाही. शिवाय थोरल्या साहेबांची पद्धत. थोरल्या साहेबांना खोटं ठरवायचं का, तेही ते गेल्यावर? हे बरं दिसतं का? अजिबात नाही. मी एक साधा माणूस. साध्या माणसाने चौकशीत नाक खुपसू नये. इतकी कारणं सापडली की मी खूश होऊन बाहेर आलो.

बाहेर जावईबापू माझ्या कोटाला इस्त्री करत होते. "समारंभाला लागेल ना, बाबा. आत्ताच करून ठेवतो, मग माझं कुठे काय असेल सांगता येत नाही." वाहन शिकवणाऱ्या शाळेत नोकरीला अर्ज टाकलाय म्हणे. चार चाकांवर. रस्त्यावर.

आत जाऊन पडलो. डोळा लागला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हिला सांगितलं. सगळं. डोंगर, बाण, फुगा, पोतं. मला वाटलं समजावायला तास लागेल. ही कणभरही गोंधळली नाही. "म्हणजे वर ढकललं की खाली येतं, आणि खाली आलं की जागेवर थांबत नाही. तुमच्या रागासारखं." मग हसायलाच लागली. डोळे पुसत म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी समजत होते की हा माणूस फक्त माझंच ऐकत नाही. तुम्ही यंत्राचंसुद्धा ऐकलं नाहीत!"

मी म्हटलं, हसण्यावारी नेऊ नकोस. समारंभ आहे. फलक आहे. आयुष्यभराचं नाव आहे.

हसणं थांबलं. "त्याच्या पोटावर पाय देऊन फलक घ्यायचा असेल तर घ्या. पण तो या घरात लावायचा नाही."

पुढे काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते, हे आज वहीत लिहून टाकतो.

२५ फेब्रुवारी

आधी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी उठून दार लावलं, खिडकी लावली, पंखाही बंद केला.

"कोणाला बोललात?"

"फक्त बायकोला."

"म्हणजे बोंबाबोंब झालीच!" मग एकदम आवाज खाली. "अहो, त्या वह्यांवर दर महिन्याला माझीही सही आहे. पाच आठवडे राहिलेत तुमचे. तोंडात गुळणी धरून बसा. कोण मेलंय का त्यात? मनगट मोडलं, जुळेल." आणि चहा मागवला, बिस्किटांसकट. साहेबांनी बिस्किटं मागवल्याचं सव्वीस वर्षांत हे पहिलंच उदाहरण.

मी दोन खाल्ली. लाज वाटते लिहायला. दोन खाल्ली आणि "बघतो" म्हणालो.

२६ फेब्रुवारी

कच्चा कागद गुंडाळून छत्रीत घातला आणि घरी आणला. नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं!

चौकशीची खोली लहान, माणसं पाच. मधोमध चौकशी अधिकारी — गोल चेहऱ्याचे, सारखं घड्याळ बघणारे. एका बाजूला जावईबापू, पांढऱ्या सदऱ्यात. दुसऱ्या बाजूला तज्ज्ञ म्हणून लाटाबाई. कोपऱ्यात टंकलेखक. आणि नोंदीचा साक्षीदार म्हणून मी, छत्रीसकट. पाऊस नव्हता, त्यामुळे सगळे छत्रीकडे बघत होते.

अधिकाऱ्यांनी माझी नोंद वाचली. "हवा शांत. मग विमान कसं उसळलं?" जावईबापूंचं तेच एक उत्तर. "मी विमानाचा दांडा ओढला नाही, साहेब. हवेनेच उचललं." मान खाली. मला वाटलं होतं उठून दोन शब्द भारदस्त बोलावेत. तयारी केली होती आरशासमोर. प्रत्यक्षात नुसती ततपप झाली. तोंडातून बाहेर पडलं ते हे —

"रेषा मी सरळ केली."

"म्हणजे नोंद खोटी आहे?"

"खोटी नाही, साहेब. व्यवस्थित आहे."

टंकलेखक हसला. अधिकारी नाही हसले. मी छत्रीतून कागद काढला. तो टेबलावर मावेना. जावईबापू न सांगता उठले, एक टोक त्यांनी धरलं, एक मी. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कपडे वाळत घालताना दोघं चादर धरतात ना, तसे आम्ही सासरा-जावई उभे. लाटाबाई मधून बोट फिरवत चालल्या. आवाज चढत गेला त्यांचा. "ही बघा लाट. ही दुसरी. आणि इथे, तीन किलोमीटरवर, वाऱ्याने दिशा बदलली आहे. लाटेला पुढे वाटच नाही! मग ती तिथेच फुटते, किनाऱ्यावर फुटते तशी, आणि हवा घुसळून निघते. वर बघा, सगळं शांत. विमान नेमकं फुटणाऱ्या लाटेत सापडलं. कोणीही चालवत असतं तरी आपटलंच असतं." इतक्या आनंदात होत्या की चौकशी चालू आहे हेच विसरल्या.

अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली. मला विचारलं, "अशी रेषा तुम्ही किती दिवस सरळ केलीत?"

"रोज, साहेब."

टंकलेखकाने तेवढं टंकलं — "रोज."

बाहेर आल्यावर वाटलं, आता जावईबापू काहीतरी म्हणतील. तेवढा हक्क होता त्यांचा. ते म्हणाले, "बाबा, चहा?" मला रडू आलं. भर रस्त्यात, छत्री उघडून आत रडलो. पाऊस नव्हताच.

४ मार्च

परवाना परत मिळाला! लेकीने येऊन गळ्यात हात टाकले. सातवीत असताना टाकले होते, त्यानंतर आज. ही चष्म्याच्या वरून बघत होती. काही बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं.

१० मार्च

चांगल्या बातम्या मोजून सहा दिवस टिकल्या. मला लेखी खुलासा मागितलाय. फलकाचा प्रश्न उभा राहिला. "स्वच्छ" हा शब्द साहेबांना आता नको. "नोंदींची सव्वीस वर्षं" म्हणावं तर नोंदी म्हटलं की लोक हसतील. शेवटी उरलं — "सव्वीस वर्षं". साहेब म्हणाले, यात आक्षेपार्ह काही नाही. तुरुंगातून सुटल्यासारखं वाटतं, पण चालेल.

वर्तमानपत्रातही आलं. आतल्या पानावर, चार बोटांचं. केंद्राचं नाव, माझं नाव, आणि मथळा — "निरीक्षकाने पुसल्या हवेतल्या लाटा". शेजारच्या वकिलांनी कात्रण कापून आणून दिलं. कोणी मागितलं होतं?

१४ मार्च, शनिवार

सुट्टी असून केंद्रात गेलो. लाटाबाईंनी पोत्यावर कब्जा केलाय. मावशींनाही शिरू देत नाहीत. मला शेजारी बसवून कागद वाचायला शिकवतात — सव्वीस वर्षांनी! एक कागद असा निघाला की लाट सगळी उंची चढत गेलेली, आणि वर वर जाताना मोठी होत गेलेली. मी म्हटलं, वर जाऊन दमायला हवी ना? "नाही काका. वर हवा विरळ. जोर तेवढाच आणि हलवायला हवा थोडी, म्हणून हेलकावा वाढतो. आपला डोंगर केवढासा, पण त्याचा धक्का फुगा फुटतो त्याच्याही वर पोहोचतो. तिथे लाटा फुटल्या की वरचे वारे मंदावतात."

आमचा डोंगर! मी रोज त्याच्याकडे पाठ करून फुगा सोडतो.

बाहेर आलो तर त्याच्यामागे एक ढग होता, बशीसारखा. वारा सणसणीत, पण ढग जागचा हलेना. लाटाबाई म्हणाल्या, लाटेच्या माथ्यावर हवा चढते तिथे ढग होतो आणि उतरते तिथे विरतो. वारा त्याच्यातून वाहून जातो, ढग तिथेच दिसतो. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. असे शेकडो बघितले असतील. वहीत लिहायचो — "ढग: एक." निवृत्तीला सतरा दिवस उरले असताना मला हे काम आवडायला लागलंय. याला काय म्हणावं!

३१ मार्च, मंगळवार

समारंभ पार पडला. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त. निम्मी मला बघायला आली असावीत. साहेबांच्या भाषणात "प्रामाणिक" हा शब्द एकदाच आला आणि तोही अडखळत. मावशींनी हार घातला आणि कानात म्हणाल्या, "पट्टी सापडली का हो शेवटी?" जावईबापू सकाळची फेरी संपवून गणवेशातच आले आणि शेवटच्या रांगेत उभे राहून सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "मी सव्वीस वर्षं फार सुबक काम केलं. तसं तुम्ही करू नका." खूप हशा झाला. बसलो.

फलक घरात लावायला हिने परवानगी दिली. न्हाणीघरासमोर. बरा दिसतो.

६ एप्रिल, सोमवार

पत्र आलं. पत्ता केंद्राचा, मावशींनी घरी आणून दिलं. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं. वर्तमानपत्रात वाचलं म्हणतात. सतरा वर्षांपूर्वी ते विमान चालवायचे. याच डोंगरामागे त्यांचं विमान पडलं. दोन माणसं गेली. चौकशीत हवा शांत असल्याची नोंद निघाली. "त्यानंतर उडालो नाही. आता मलाही वाटू लागलंय की दांडा मीच ओढला असेन. त्या दिवसाचा कच्चा कागद असेल तर एकदा बघायचा आहे. फक्त बघायचा आहे."

दुपारी केंद्रात जाऊन ती वही काढली. पान सापडलं. इतकी सरळ रेषा मी क्वचितच काढली असेल. कच्चा कागद भंगारात जाऊन पावणेसतरा वर्षं झाली. लाटाबाईंना विचारलं, या रेषेतून काही परत काढता येईल का? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

उत्तर लिहायला बसलो. "नाही" एवढंच लिहायचं आहे, ते पोस्टाने पाठवता येईना. उद्या पहिल्या बसने त्यांच्याकडे जातो.